दिवाळीचा फराळ एपीओच्या पत्त्यावर: परदेशी तैनात मुलांसाठी पार्सल

नॉरफोककर | २९ ऑगस्ट २०२६

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. अमेरिकेच्या लष्करात, नौदलात, हवाई दलात असलेली आपली मुलंमुली तेव्हा कुणी जर्मनीत, कुणी आखातात, कुणी जहाजावर असतील. त्यांच्यापर्यंत फराळ वेळेत आणि खाण्याजोगा पोचवायचा तर तयारी आत्ताच सुरू करायला हवी, म्हणून हा धागा काढतोय. पत्त्यापासून सुरुवात करतो. पत्ता चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

एपीओ म्हणजे लष्कर आणि हवाई दलाचं टपाल, एफपीओ नौदलाचं, डीपीओ दूतावासांचं. पत्त्यात गावाच्या जागी यांपैकी एक येतं. राज्याच्या जागी एई, एपी किंवा एए. एई म्हणजे युरोप, आखात, आफ्रिका. झिप ०९ ने सुरू होतो. एपी म्हणजे पॅसिफिक. झिप ९६२ ते ९६६ ने सुरू होणारे. एए म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिका. ३४० ने सुरू होणारे.

पहिल्या ओळीत पूर्ण नाव. दुसऱ्या ओळीत युनिट, पीएससी किंवा सीएमआर (तळावरच्या टपालखोल्यांची ही लघुनावं) यांपैकी जे असेल त्याचा क्रमांक आणि बॉक्स क्रमांक. तिसऱ्या ओळीत एपीओ, एई, झिप. इथेच थांबा. खाली 'कुवेत' किंवा तळाचं नाव लिहायचा मोह आवरा. देशाचं नाव दिसलं की पार्सल लष्करी टपालातून निघून त्या देशाच्या नागरी टपालात जाऊ शकतं, आणि तिथे हा पत्ता कुणालाच कळत नाही. मुलाने किंवा मुलीने पाठवलेला पत्ता अक्षर न बदलता, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत उतरवा. नाव हवंच, 'कोणत्याही सैनिकास' असं लिहिलेलं पार्सल घेत नाहीत.

टपालखर्च देशांतर्गत दरानेच लागतो. पार्सल अमेरिकेतल्या गेटवेपर्यंत, म्हणजे परदेशी लष्करी टपाल जिथे गोळा होतं त्या केंद्रापर्यंत, टपाल खातं नेतं, तिथून पुढे लष्कराची टपालयंत्रणा.

---

सायली_टेक्सास | २९ ऑगस्ट

चांगला धागा. खोका आणि फॉर्म याबद्दल लिहिते.

टपाल खात्याचा 'एपीओ/एफपीओ लार्ज फ्लॅट रेट' खोका घ्या. आतून १२ × १२ × साडेपाच इंच. ७० पौंडांपर्यंत वजन कितीही असो, दर एकच, आणि साध्या लार्ज फ्लॅट रेटपेक्षा थोडा स्वस्त. खोके फुकट मिळतात. खोके, चिकटपट्टी आणि कस्टम्सचे कागद एकत्र असलेला 'मिलिटरी केअर किट'सुद्धा टपाल खातं फुकट घरी पाठवतं.

७० पौंड चालतात म्हणून भरू नका. १०-१२ पौंडांत थांबा. खोका पुठ्ठ्याचा असतो, वाटेत पाच-सहा वेळा उचलून टाकला जातो. जड खोक्याचे कोपरे फाटतात, आणि टपालखोलीपासून बराकीपर्यंत तो त्यालाच वाहून न्यावा लागतो.

कस्टम्स फॉर्म: वस्तू पाठवताना लागतोच. हाताने भरलेला कागद खोक्यावर चिकटवून चालत नाही, माहिती संगणकात जावी लागते. दोन मार्ग आहेत. घरी टपाल खात्याच्या क्लिक-एन-शिप या ऑनलाइन सेवेवर लेबल आणि फॉर्म एकत्र छापा, किंवा २९७६-आर हा कागद भरून खिडकीवर द्या, कारकून त्यावरून फॉर्म काढून देतो. आपली सही आणि तारीख विसरू नका.

फॉर्मवर 'फूड' किंवा 'गिफ्ट' एवढंच लिहिलं तर खोका अडतो. 'चिवडा' लिहिलं तरी वाचणाऱ्याला काही कळत नाही. इंग्रजीत असं लिहा: रोस्टेड राइस फ्लेक स्नॅक, ४ पिशव्या, २ पौंड, ८ डॉलर. फ्राइड राइस-फ्लोअर स्पायरल्स, २ डबे, दीड पौंड, १० डॉलर. कॉटन सॉक्स, ३ जोड. घरी केलेल्या पदार्थाचीही किंमत लिहायची, शून्य नाही. 'पोचलं नाही तर काय' या प्रश्नाला 'परत पाठवा' वर खूण करा.

प्रत्येक एपीओ झिपला स्वतःचे निर्बंध असतात. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर झिप घातला की यादी येते. आखाती झिपना डुकराचं मांस, दारू, अश्लील मजकूर बंद असतो. ही यादी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचा कागद वापरू नका.

---

शंकरपाळे | ३० ऑगस्ट

फराळाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पोचायला दोन ते चार आठवडे लागतात आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने केलेला फराळ तेवढे दिवस नीट राहीलच असं नाही.

फराळाचे शत्रू तीन: ओलावा, हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता. ओलाव्याने सादळतो, ऑक्सिजनने तेल खवट होतं, उष्णतेने तूप सुटतं. कोणता पदार्थ कशाने बिघडतो ते कळलं की काय पाठवायचं ते आपोआप ठरतं.

प्रवासाला सर्वांत भरवशाचे शंकरपाळे. मोहन पुरेसं घालून मंद आचेवर आतपर्यंत तळलेले, आकाराने लहान. ते तुटत नाहीत, वितळत नाहीत, महिनाभर सहज राहतात. मधे मऊ राहिले तर मात्र बुरशी धरतात, म्हणून एक फोडून बघितल्याशिवाय भरू नका.

चिवडा भाजक्या पातळ पोह्यांचा करा, तळलेल्या पोह्यांचा नको. अर्धा किलो पोहे मोठ्या ट्रेमध्ये पसरून २२५ अंश फॅरनहाइटला २० ते २५ मिनिटं, मधे दोनदा हलवून. फोडणीला तेल चार-पाच टेबलस्पून, जास्त नाही. सुक्या खोबऱ्याचे काप वगळा, चिवड्यात आधी खवट होतात ते तेच. शेंगदाणे आणि डाळं दुप्पट घाला. कढीपत्ता चुरचुरीत होईपर्यंत तळा. एक पान मऊ राहिलं तर त्यातला ओलावा सगळ्या पिशवीत पसरतो. पिठीसाखर ओलावा ओढते, त्यामुळे ती निम्मी करा. मग तीन-चार तास पूर्ण गार होऊ द्या. कोमट चिवडा पिशवीत भरला की आत वाफ धरते आणि जर्मनीला पोचेपर्यंत त्याचा भुसा होतो.

चकली मोडते, हाच तिचा प्रश्न. वेफर्सचा गोल पुठ्ठ्याचा डबा येतो, साधारण ३ इंच व्यासाचा, त्यात बसेल एवढीच चकली पाडा. एकावर एक रचा, प्रत्येक दोन चकल्यांमधे बटर पेपरची चकती, वर उरलेल्या जागेत चुरगळलेला कागद. डबा हलवल्यावर आवाज आला नाही पाहिजे. असे दोन डबे खोक्यात आडवे व्यवस्थित बसतात.

बेसन लाडू. इथे भावनेला थोडी मुरड घालावी लागते. गाईचं तूप तीस अंश सेल्सिअसच्या पुढे सुटतं, आणि आखातात टपालाचा कंटेनर उन्हात उभा असतो. एईच्या वाळवंटी झिपला ऑक्टोबरमध्येही लाडू पाठवू नका, लाडवांऐवजी तुपात भिजलेला खोका पोचेल. जर्मनी, इटली, कोरियाला चालतील, पण तूप नेहमीच्या तीन-चतुर्थांश घ्या आणि प्रत्येक लाडू वेगळा गुंडाळा.

गोड हवंच असेल तर वाळवंटात चिक्की. कोरड्या हवेत ती उत्तम राहते. तीच ओकिनावाच्या दमट हवेत पाघळते, तिकडे शंकरपाळेच बरे. ओल्या नारळाच्या करंज्या, खव्याचं काहीही, चिरोटे यांचा विचारही नको. चिरोट्यांचा तर चुराच पोचेल.

रोजच्या खाण्यासाठी: शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची कोरडी चटणी. लसूण घालायचा तर तळून, कच्चा नको. भाजलेल्या रव्याचं उपम्याचं तयार मिश्रण खूप कामाचं. १ कप बारीक रवा, १ टेबलस्पून तेलात फोडणी, मीठ, चिमूटभर लिंबूसत्त्व. मापाच्या पिशव्या करून वर लिहा: 'दुप्पट उकळतं पाणी, झाकून ६ मिनिटं'. किटली एवढंच साधन त्याच्याकडे आहे असं धरून चाला. थालीपिठाची भाजणी पाठवून त्याला तवा कुठून मिळणार? तेलातलं लोणचं काचेच्या बरणीत नको. हवंच तर एकेकाची छोटी पाकिटं.

---

मीनल_दादर | ३० ऑगस्ट

शंकरपाळे, फार उपयोगी. दोन प्रश्न. घरी व्हॅक्युम मशीन आहे, त्यात चिवडा-चकली भरावी का? आणि डिंकाचे लाडू, अनारसे चालतील का? पुतण्या बहारीनला आहे, थंडीसाठी डिंकाचे चांगले असं वाटलं.

---

नॉरफोककर | ३० ऑगस्ट

मीनलताई, डिंकाचे लाडू आणि अनारसे दोन्ही थांबवा, आणि हे सगळ्यांनीच वाचा.

दोन्हीत खसखस असते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये सैन्यातल्या सर्वांना खसखस आणि खसखशीचे पदार्थ टाळायला सांगितलं. कारण असं की खसखशीच्या काही जातींवर कोडीनचा (अफूतल्या एका गुंगीच्या द्रव्याचा) अंश पूर्वी धरला होता त्याहून जास्त असू शकतो, आणि मग लघवीच्या चाचणीत कोडीन दिसू शकतं. सैन्यात ही चाचणी न सांगता होते. आईने प्रेमाने पाठवलेल्या चार अनारशांवरून मुलाला चौकशीला उभं राहावं लागू नये.

आपल्याकडे खसखस कुठे कुठे लपते ते आठवा: अनारशावर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या आणि खारकेच्या लाडवांत, काही घरच्या मसाल्यांत, ठंडाईच्या पुडीत. बाजारच्या फराळाच्या पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय खोक्यात टाकू नका. अनारसे करायचेच असतील तर खसखशीऐवजी तिळावर थापा. तेही तुपात तळलेले असतात, म्हणून थंड प्रदेशातच.

असाच दुसरा घटक म्हणजे हेम्प, भांगेच्या झाडाची एक जात. काही ग्रॅनोला बारमध्ये हेम्पच्या बिया असतात. सैन्यात त्यांनाही मनाई आहे.

आयुर्वेदिक चूर्णं, काढे, वजन वाढवण्या-घटवण्याच्या पावडरी पूर्णपणे वगळा. बहारीनला थंडी फारशी नसतेच, ताई.

---

शंकरपाळे | ३१ ऑगस्ट

खसखशीचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, नॉरफोककरांचे आभार.

व्हॅक्युमचं: चिवडा आणि चकली नको. मशीन हवा ओढते तेव्हा पिशवी पदार्थाला आवळते, चकलीचे तुकडे आणि पोह्यांचा चुरा होतो. चटणी आणि उपम्याच्या मिश्रणाला व्हॅक्युम उत्तम. चिवड्यासाठी मायलारची (हवा आत न येऊ देणारी चकचकीत जाड) पिशवी आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घ्या, गॅलनच्या पिशवीला ३०० ते ५०० सीसीची एक. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्साच असतो, त्यामुळे पिशवी थोडीशीच बसते, चुरा होत नाही. पुड्यांचं पाकीट फोडल्यावर अर्ध्या तासात वापरून टाका, त्या लगेच कामाला लागतात.

एक गोष्ट जपा. ही पुडी फक्त कोरड्या पदार्थाला. ओलसर पदार्थात ऑक्सिजन काढून टाकला की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना हवी तशी जागा तयार होते. पाकातले रव्याचे लाडू, गुळपोळी, मऊ बर्फी यांच्यात ती कधीही घालू नका.

---

माजी_क्वार्टरमास्टर | १ सप्टेंबर

खाऊशिवायच्या वस्तूंबद्दल.

साबण, डिटर्जंट, टाल्कम, पुदिन्याचं च्युइंगम हे खाण्याबरोबर एका खोक्यात ठेवू नका. झिपलॉक पिशवी वास अडवत नाही, आणि गरम कंटेनरमध्ये दोन आठवड्यांत शंकरपाळ्यांना साबणाची चव येते. दोन खोके करा. ते परवडत नसेल तर अंघोळीचं सामान पाठवूच नका, मोठ्या तळांवर ते मिळतं.

जे खरोखर लागतं: बुटांत घालायचे जाड मोजे, काळे किंवा कोयोट ब्राऊन (गणवेशाच्या बुटांचा तपकिरी रंग), पांढरे गणवेशात चालत नाहीत. पायाला लावायची पावडर. ओठांचं बाम. सनस्क्रीन लोशन, स्प्रे नाही. डोळ्यांत घालायचे साधे सलाइनचे थेंब. ओल्या पुसण्यांची छोटी पाकिटं. पाण्यात मिसळायच्या इलेक्ट्रोलाइटच्या एकेका वेळच्या पुड्या, कारण बाटलीतलं कोमट पाणी दिवसभर पिणं अवघड जातं. एए आणि एएए अल्कलाइन सेल. पत्ते. चहाचा मसाला आणि दूधपावडर.

जे विमानाने जाऊच शकत नाही: कुठलाही स्प्रेचा डबा, परफ्यूम, नेलपॉलिश, काडेपेटी, लायटर, सुट्या लिथियम बॅटऱ्या, पॉवर बँक. हँड सॅनिटायझरही नाही. त्यात अल्कोहोल असतं, ते ज्वालाग्राही द्रवात मोडतं. दिवाळी म्हणून फुलबाज्या घालायचा विचार कुणाच्याही मनात येऊ नये. पणती मातीची, रिकामी, कापडात गुंडाळून चालेल. बरोबर सेलवरचा छोटा दिवा द्या.

उटणं? मायलारमध्ये बंद करून दोन चमचे, वर इंग्रजी नाव आणि घटक. पांढरट-पिवळी सुटी भुकटी विनानावाची कुठेही पाठवू नका.

बांधणी: द्रवाच्या प्रत्येक टोपणावर चिकटपट्टी, मग दोन झिपलॉक. जड वस्तू तळाशी, चकलीचे डबे मधे, मोजे फटींमध्ये. भरणीला थर्माकोलचे दाणे कशाला, मोजे आणि सुपाची पाकिटं तेच काम करतात. झाकण लावण्याआधी आत एका कागदावर दोन्ही पत्ते आणि सामानाची यादी ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर तोच आधार. दोन्ही बाजूंना इंग्रजी एचच्या आकारात पट्टी मारा. शेवटी खोका हलवून बघा, काही सरकलं तर पुन्हा उघडा.

---

भाग्यश्री_न्यूजर्सी | २ सप्टेंबर

मंडळातर्फे ओळखीच्या नसलेल्या सैनिकांनाही पाठवायचं आहे. नाव नसेल तर काय करावं?

---

सायली_टेक्सास | २ सप्टेंबर

दोन मार्ग. एक, ज्याचं नाव-पत्ता आहे त्याच्या खोक्यात वाटण्याजोगं सामान घाला. पायदळाची एक स्क्वॉड, म्हणजे छोटी तुकडी, ९ जणांची असते. त्यामुळे ५०-५० ग्रॅमच्या १० छोट्या पिशव्या हे चांगलं माप. प्रत्येकीवर इंग्रजीत घटक लिहा, विशेषतः शेंगदाणे, तीळ, काजू, गहू, दूध. खाणाऱ्याला चिवडा म्हणजे काय ते माहीत नाही, आणि ॲलर्जीचा झटका आला तर दवाखाना जवळ असेलच असं नाही. तिखट निम्मं ठेवा.

दुसरा मार्ग संस्थांचा. ऑपरेशन ग्रॅटिट्यूडसारख्या संस्था पत्रं आणि सामान एकत्र करून पुढे पाठवतात. घरचा पदार्थ ते घेत नाहीत, फक्त कारखान्यात बंद केलेलं पाकीट. मंडळाने त्यांच्यासाठी पत्रं आणि मोजे द्यावेत, फराळ ओळखीच्या नावांनाच.

मुलांच्या पत्रांत पहिलं नाव आणि राज्य एवढंच. घरचा पत्ता, शाळेचं नाव, फोन नको. चमकी अजिबात नको, ती गणवेशावर आणि उपकरणांत जाते, निघत नाही. राजकारण, 'किती शत्रू मारले' असले प्रश्न लिहू देऊ नका. कंदिलाचं चित्र आणि दिवाळी म्हणजे काय याच्या चार ओळी पुरेत. आणि मोठ्यांसाठी: पत्त्याच्या लेबलाचा फोटो मंडळाच्या गटात किंवा फेसबुकवर टाकू नका. युनिट आणि नाव एकत्र उघड करायचं नसतं.

अशा पार्सलाला इंग्रजीत केअर पॅकेज म्हणतात, आणि त्या शब्दाचा उगम उलट दिशेचा आहे: सैन्याकडून नागरिकांकडे. १९४५ मध्ये केअर ही संस्था स्थापन झाली, आणि युद्ध संपल्याने उरलेली सैन्याची शिधापाकिटं तिने युरोपातल्या भुकेल्या घरांसाठी घेतली. पहिली पाकिटं ११ मे १९४६ ला फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात पोचली.

---

सदाशिवपेठ | ३ सप्टेंबर

भारतीय जवानांना पाठवणाऱ्यांसाठी थोडं. इथलं टपालही गावाच्या नावाने जात नाही. नाव, हुद्दा, क्रमांक, युनिट, मग 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', आणि ९ ने सुरू होणारा पिन. ५६ ची टपाल दिल्लीहून पुढे जाते, ९९ ची कोलकात्याहून. लेह, सियाचीन, तवांग असं काही लिहू नका. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लेबनॉन, काँगो, दक्षिण सुदानमध्ये असलेल्यांच्या घरच्यांनी युनिटने दिलेला पत्ताच वापरावा. टपाल भारतीय टपाल कार्यालयातच द्या, खासगी कुरियरला हा पत्ता कळत नाही.

लडाखला तुपाचा प्रश्न उलटा होतो: लाडू दगडासारखा घट्ट होतो, पण बिघडत नाही. बेसन लाडू तिकडे नि:शंक पाठवा. थंडीत रस्ते बंद झाले की सगळं विमानावर येतं आणि हवामान ठीक नसेल तर थांबतं. म्हणून ऑक्टोबर उजाडण्याआधी पार्सल टपालात पडलेलं बरं. शंकरपाळेंनी सांगितलेलं चकलीचं रचणं इथेही तसंच लागू.

---

मीनल_दादर | ४ सप्टेंबर

सगळ्यांचे आभार. डिंक रद्द, शंकरपाळे, चिवडा, चिक्की आणि जवसाची चटणी ठरलं. कधी टाकू? आणि त्याची बदली नोव्हेंबरच्या मध्याला आहे म्हणतो.

---

नॉरफोककर | ४ सप्टेंबर

नाताळसाठी टपाल खातं शेवटच्या तारखा जाहीर करतं, दिवाळीसाठी नाही, त्यामुळे आपणच उलट मोजायचं. प्रायॉरिटी मेल या टपाल खात्याच्या जलद सेवेला एपीओपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे धरा, वर एक आठवडा राखीव. म्हणजे ३ ते ५ ऑक्टोबरच्या आत. स्वस्त असलेल्या जमिनीवरच्या सेवेला सहा आठवडे लागू शकतात, ती फराळासाठी नाही. जहाजावरच्यांसाठी आणखी दोन आठवडे आधी, कारण टपाल जहाजावर चढतं ते बंदरात किंवा समुद्रात रसद मिळते तेव्हाच.

ट्रॅकिंग गेटवेला पोचल्यावर आठ-पंधरा दिवस गप्प बसतं. घाबरून दुसरं पार्सल पाठवू नका, खोका तेव्हा लष्कराच्या हातात असतो.

तुमच्या पुतण्याचं मात्र वेगळं बघा. माणूस तळ सोडायच्या शेवटच्या चार-सहा आठवड्यांत काही पाठवायचं नसतं. उशीर झाला तर खोका त्याच्या मागे फिरतो किंवा परत येतो. मध्य नोव्हेंबरपासून मागे मोजलं तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा अगदी कडेवर येतो. तुम्ही २० सप्टेंबरलाच टाका. शंकरपाळे आणि चिवडा दिवाळीपर्यंत मायलारमध्ये नीट राहतील. चिक्कीचे तुकडे एकेक करून मेणकागदात गुंडाळा, बहारीन बेट आहे, सप्टेंबरात हवा दमट असते.

त्याआधी त्याला एक निरोप करून विचारा: टपाल बंद व्हायची तारीख युनिटने सांगितली आहे का, आणि बॉक्स क्रमांक तोच आहे का.

---

मीनल_दादर | ५ सप्टेंबर

विचारलं. बॉक्स क्रमांक बदलला होता.